सिन्नरला आलेला इटलीचा फोन

बी.ए. झाले तेव्हा मला काय हवं आहे हे धड सांगता येत नव्हतं. काय नको ते मात्र पाठ होतं. बी.एड. नको होतं, बँकेच्या परीक्षांचा क्लास नको होता, आणि रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर गहू निवडत "यंदा हिचं बघायला हवं" हे शेजारणींच्या तोंडून ऐकणं तर मुळीच नको होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाबा नाशिकरोड स्टेशनवर पार्सल ऑफिसात क्लार्क होते. द्राक्षांच्या पेट्या, सायकली, कुणाकुणाची शिवलेली गाठोडी त्यांच्या हाताखालून कुठल्या कुठे जायची, आणि बाबा संध्याकाळी चालत घरी यायचे. मला त्याचा राग यायचा. नक्की कशाचा, ते कळायचं नाही.

मी एका जागी टिकत नसे. जेवता जेवता उठायची, वाचता वाचता उठायची, गाडीची शिटी ऐकली की दारात जाऊन उभी राहायची. आई म्हणायची, "हिना पायले भिंगरी शे." आई देवळ्याकडची, तिची बोली अहिराणीच्या वळणाची. लहानपणी मी तिला माय म्हणत असे. शाळेत एकदा मुली हसल्या आणि त्या दिवसापासून मी आई म्हणायला लागले. तिने त्यावर कधी काही विचारलं नाही.

मुंबईला मी निघाले ती फ्रेंचसाठी. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं, फ्रेंच आलं की मोठ्या हॉटेलात, प्रवासी कंपन्यांत लगेच घेतात. मला हॉटेलात काम करायचं नव्हतं, पण 'लगेच' हा शब्द आवडला. बाबांनी रजा काढली आणि आम्ही दोघं पासावर व्ही.टी.ला उतरलो. विद्यापीठ तिथून चालत गेलं तरी जवळच. दगडी जिने, उंच खिडक्या, आणि एका खिडकीमागे पान चघळत बसलेले कारकून.

"फ्रेंच भरलं," ते म्हणाले. "जर्मनही भरलं. इटालियनला जागा आहे. जागाच जागा आहे."

बाबांनी विचारलं, "म्हणजे कुठली भाषा?"

"इटलीची."

बाबा माझ्याकडे वळले. "चालेल का गं?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. त्या दिवशी चिनी मिळाली असती तर मी चिनीला हो म्हटलं असतं.

वर्ग आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी दुपारी. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. इगतपुरीला इंजिन बदलायचं तेवढा वेळ गाडी थांबायची. बाकीचे पासवाले चहाला उतरायचे, मी प्लॅटफॉर्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत क्रियापदं पाठ करायची. आमच्या डब्यातले एक गृहस्थ रोज पत्ते खेळत. त्यांनी एकदा विचारलंच, "पोरी, पोटात दुखतंय का? किती येरझाऱ्या घालतेस."

वर्गात आम्ही पाचच जण होतो. आमच्या बाई इटलीच्याच. महायुद्ध संपल्यावर एका मुंबईकराशी लग्न करून बोटीने इथे आल्या, आणि मग राहिल्या. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. साठीच्या असतील. सुती फ्रॉक, खांद्याला खादीची पिशवी, आणि फेरीवाल्यांशी भांडायला अस्सल मुंबईचं हिंदी. वर्गात मात्र इटालियनशिवाय एक शब्द चालत नसे. आम्ही त्यांना सिन्योरा म्हणायचो.

पहिल्या वर्षी भाषा. दुसऱ्या वर्षी भाषेबरोबर तिथली संस्कृती: शहरं, चित्रं, चर्च, गाणं, पाव, द्राक्षाची दारू. मी नाशिकची, द्राक्ष म्हणजे मला गळ्यापर्यंत माहीत. ऑलिव्ह मात्र मी कधी पाहिलं नव्हतं, तरी ऑलिव्हच्या बागेवर मला पानभर लिहिता येई. सिन्योरा सांगायच्या, आमचा देश तुकडे शिवून केलेला आहे, दर दहा कोसांवर लोक आपली आपली बोली बोलतात. "पण ती बोली, ती इटालियन नव्हे," असं म्हणून त्या पान उलटायच्या. मी ते वाक्य निमूट लिहून घेतलं. घरी आईला आमच्या पाहुण्यांसमोर "आहे म्हण ना, शे काय" असं सांगणारी मी, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एक क्रियापद मात्र मला पहिल्यापासून छळायचं. मांकारे. उणं असणं, कमी पडणं. भाजीत मीठ कमी असेल तरी तेच. पण इटालियन माणूस 'मला तुझी आठवण येते' असं म्हणत नाही, तो म्हणतो 'तू मला उणा आहेस'. मी वाक्य करताना कायम उलटं करायची, मीच कुणाला तरी उणी पडायची. सिन्योरा खडूने फळ्यावर बाण काढून दाखवायच्या, कोण कुणाला उणं आहे ते. पुढे ते जमलं. परीक्षेत त्याच प्रश्नाला मला पूर्ण मार्क मिळाले.

घरी आल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच, उपयोग काय? बाबा ठामपणे म्हणायचे, "शिक्षणाला उपयोग विचारू नये." पण रात्री जेवताना त्यांच्याही तोंडून हळूच यायचं, "नोकरी कुठल्या खात्यात मिळते गं यावर?"

दुसऱ्या वर्षी मला बघायला पाहुणे आले. मुलगा सरकारी खात्यात, कुटुंब शिकलेलं, आमच्यातलंच. मुलाची आई प्रेमळ होती. ती म्हणाली, "अगं, ते परदेशी बोलून दाखव ना थोडं." सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं आणि पहिल्या धड्यातलं एक वाक्य तेवढं बाहेर पडलं.

"म्हणजे काय?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"पुस्तक टेबलावर आहे."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर पोह्यांच्या बश्या होत्या. मुलगा हसला, चांगलं हसला, आणि त्यांचा होकारही आला. नकार मी दिला. मुलात खोट नव्हती. फक्त, त्या हॉलमधून उठून चालू पडावंसं वाटत होतं, आणि लग्न म्हणजे त्याच हॉलमध्ये बसून राहणं, असं मनाने घेतलं. आईने दोन दिवस तेच लावून धरलं. बाबा म्हणाले, "तिची परीक्षा होऊ दे."

तिसऱ्या वर्षी एका दुपारी सिन्योरांनी मला वर्गानंतर थांबवलं. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत फरशीच्या चकचकीत टाइल्सचा एक नवा कारखाना उभा राहत होता. भट्टी इटलीहून येणार होती, ती बसवायला माणूसही तिकडूनच. त्याला इंग्रजी येत नव्हतं. कारखान्याच्या मालकांनी मुंबईत दुभाष्या शोधला, पण सिन्नरला येऊन राहायला कोण तयार होणार? "तू त्या बाजूची आहेस ना?" सिन्योरांनी विचारलं. "जा. आणि शुद्ध बोल."

म्हणून बुधवार-शनिवार मुंबई आणि उरलेले दिवस सिन्नर असं माझं सुरू झालं. नाशिकरोडहून एस.टी. पकडायची, मोहदरीचा घाट चढायचा, आणि पुढे कारखान्यापर्यंत जीप. आता तरी मन थाऱ्यावर येईल असं आईला वाटलं. मला मात्र एस.टी.त बसलं की मुंबईच्या गाडीत असावं असं वाटे, आणि त्या गाडीत बसलं की तिच्याही पुढे कुठेतरी.

तो माणूस आला. पन्नाशी ओलांडलेला, बुटका, जाड मानेचा, डोक्यावर कापडी टोपी. मी आदल्या दिवशी स्वागताची चार वाक्यं पाठ केली होती. ती मी म्हटली. त्याने टोपी काढली, ऐकून घेतली, आणि मोठ्याने हसला.

"सिन्योरीना, तुम्ही अगदी आमच्या पाद्रीबाबासारखं बोलता हो!"

सगळे कामगार बघत होते. काय बोलला ते त्यांना कळलं नाही, पण हसलेलं कळलं. माझे कान तापले. त्याहून वाईट म्हणजे पुढे तो जे बोलला त्यातलं मला निम्मंही समजेना. शब्दांची शेपटं तो गिळून टाकायचा. उमजणारं एखादं क्रियापद मधूनच दिसायचं आणि पुढच्या क्षणी बुडायचं. "पुन्हा सांगाल का?" हे त्या दिवसांतलं माझं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य. बर्नरला काय म्हणतात, रोलरला काय, चटका बसला तर काय, हे तीन वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं. तो वस्तूवर बोट ठेवायचा, शब्द उच्चारायचा आणि माझ्याकडून वदवून घ्यायचा. मी रोज संध्याकाळी एस.टी.त स्वतःवर चिडत बसायची. एवढं शिकले ते काय शिकले?

हळूहळू कान बसला. तो वाईट माणूस नव्हता. दुपारी केळी खायचा, कारण बाकी कशावर त्याचा भरवसा नव्हता. घरी म्हातारी आई आणि एक बहीण, लग्न केलेलं नाही, असं त्याने एकदा सांगितलं. मी विचारलं, "इतकं फिरता, घर आठवत नाही?" तो म्हणाला, "एका जागी राहिलो की मला गुदमरतं. आई म्हणते, तू पोटात होतास तेव्हाही सारखा वळायचास." मला तो माणूस तेव्हा एकदम ओळखीचा वाटला.

त्याच सुमारास सिन्योरांनी मला तिकडच्या सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायला लावला. निवड झाली तर इटलीतल्या एका विद्यापीठात वर्षभर शिकायला मिळणार होतं. तेव्हापासून तर मी पोस्टमनची सायकल दिसली की चालता चालता थांबायची.

भट्टी पेटवायचे दिवस आले. अशी भट्टी एकदम तापवत नाहीत. दिवसरात्र थोडी थोडी आच वाढवत न्यायची, आणि तेवढे दिवस जाणत्या माणसाने तिथून हलायचं नाही, नाहीतर आतल्या विटा तडकतात. तो तिथेच खाट टाकून राहिला होता. त्या दिवशी दुपारी मी ऑफिसात चहा घेत होते आणि फोन वाजला. एक्स्चेंजवाली म्हणाली, "इटलीचा कॉल आहे, सोडू नका." मॅनेजरसाहेबांनी रिसीव्हर घाईने माझ्या हातात दिला.

खूप खरखर, आणि माझाच आवाज मला परत ऐकू येत होता. पलीकडून एक बाई बोलत होती. तिने त्याचं नाव घेतलं, मी त्याची बहीण म्हणाली. मी म्हटलं, ते भट्टीजवळ आहेत, बोलावते. ती म्हणाली, नको, लाइन तुटेल, निरोप द्या. आणि पुढे काहीतरी भरभर, त्याच्यासारखंच शेपूट गिळून. मी ओरडून विचारलं, "पुन्हा सांगाल का?" तेव्हा तिने अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: "ए मांकाता ला माम्मा." आणि लाइन गेली.

मांकारे! माझं ओळखीचं, पूर्ण मार्क मिळवून दिलेलं क्रियापद. आई उणी... आईला तो उणा वाटतोय. म्हातारीला लेकाची आठवण येतेय, म्हणून बहिणीने एवढा दूरचा फोन केला. रचना जराशी वेगळी वाटली, पण त्यांचं बोलणं असतंच तसं, असं मी मनाशी म्हटलं. मला आनंदच झाला. एवढ्या खरखरीतून आपल्याला कळलं!

मी शेडमध्ये गेले. तो गुडघ्यावर बसून काचेच्या भोकातून आत बघत होता. मी हसत हसत म्हटलं, "सिन्योर, घरून फोन होता. तुमच्या बहिणीचा."

तो वळला. माझं हसू बघून तोही हसला. "काय म्हणाली?"

मी तिचेच शब्द, तसेच्या तसे, उच्चार नीट करून सांगितले.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि त्याच्या मागचा चेहरा बदलला. मग त्याने हातातला मोजा काढला, टोपी काढली, आणि विचारलं, "कधी?"

तेव्हा मला समजलं. आपण नाही का म्हणत, आई गेली? कुणी परका मराठी शिकून आला असता तर त्याने विचारलं असतं, कुठे गेली? तसंच ते होतं. आई उणी झाली. मी हसत जाऊन एका माणसाला त्याची आई गेल्याचं सांगितलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मला वाटलं... लाइन तुटली."

तो म्हणाला, "तुम्ही बरोबर सांगितलंत." एवढंच. आणि खाटेवर बसला.

बातमी पसरली. मॅनेजरसाहेब आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "विचारा ना, म्हणजे आता भट्टीचं काय करायचं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "हे मी नाही विचारणार, साहेब."

ते ओशाळले. वाईट तेही नव्हते, त्यांच्यावर मालकांचा दबाव होता. पण विचारायची वेळ आलीच नाही. त्याने हिशोब स्वतःच केला होता. मुंबई गाठायची, विमान मिळवायचं, तोवर तिकडे दफन होऊन जाणार. "आमच्याकडे दुसऱ्या दिवशीच नेतात," तो म्हणाला. आपल्या हाताखाली तयार केलेल्या दोन पोरांना त्याने आच किती ठेवायची ते दाखवलं, आणि मला म्हणाला, "आज संध्याकाळी मला इथे बसवणार नाही. उद्या सकाळी येतो."

मॅनेजरसाहेबांनी कारखान्याची अॅम्बॅसिडर दिली. त्याला नाशिकच्या त्याच्या हॉटेलवर सोडायचं आणि मला वाटेत नाशिकरोडला. घाट उतरेपर्यंत तो काचेतून बाहेर बघत होता. क्वार्टर जवळ आले तसं मला वाटलं, हॉटेलच्या खोलीत हा एकटा काय करेल? मी ड्रायव्हरला म्हटलं, "गाडी आत घ्या."

आई दारातच होती. तिला मी दोन वाक्यांत सांगितलं. परका, गोरा, पायघोळ विजार घातलेला माणूस तिच्या हॉलमध्ये उभा होता. तिने त्याला खुर्ची दिली नाही, सतरंजी घातली. दुखवट्यातलं माणूस खुर्चीवर बसत नाही, हे तिचं पक्कं. तो बसला. ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "त्याले ईचार, माय कशी व्हती."

मी विचारलं. नंतर लक्षात आलं, मी अहिराणीतून सरळ इटालियन केलं होतं, मध्ये शाळेतली मराठी आलीच नाही.

तो सांगू लागला. त्याची आई तरुणपणी भाताच्या खाचरांत मजुरीला जायची. दूरच्या मुलखात, बायकांच्या टोळीबरोबर, गुडघाभर पाण्यात, वाकून निंदायला. बाबा तोवर ड्यूटीवरून आले होते. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या इगतपुरीकडे असतो तसाच भात? तिकडे?" मी म्हटलं, हो. देवळ्याला लग्नाआधी आई कांद्याच्या लागणीला जात असे, दिवसभर वाकून.

"तिनी कंबर दुखे का?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तो एकदम बांध फुटल्यासारखा रडला. मग रडता रडता बोलत राहिला, आणि ते त्याचं गावाकडचं बोलणं होतं, त्यातलं एक अक्षरही मला लागेना. मी आईला म्हटलं, "मला कळत नाहीये आता."

"राहू दे," आई म्हणाली. "बोलू दे त्याले."

बाबांनी हातपाय धुतले, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या. आमच्याकडे कुणी गेलं की वंदना घेतात, ती त्यांनी घेतली. आई आणि मी मागून म्हणत होतो. मेणबत्त्या पाहून तो उठून उभा राहिला, त्याने हात जोडले. शेवटी त्याने विचारलं, "ही कुठली भाषा?" मी म्हटलं, पाली. जुनी आहे, आम्हाला तरी सगळा अर्थ कुठे येतो? तो म्हणाला, "माझी आईपण लॅटिनमध्ये प्रार्थना करायची. तिलाही येत नव्हता."

आईने दुधात भाकरी कुस्करून दिली. केळ्यांशिवाय काही न खाणाऱ्या त्या माणसाने ती वाटी रिकामी केली. सकाळी तो भट्टीवर हजर होता. पहिल्या टाइल्स निघाल्या त्या कडेला तडकलेल्या होत्या, नंतरच्या बऱ्या निघाल्या. पावसाळ्याच्या आधी तो गेला. जाताना आमच्या घरी येऊन आईच्या पाया पडला, कामगारांना पडताना त्याने पाहिलं असावं, पण वाकला तो भलत्याच बाजूला आणि आईला हसू आवरेना.

फोननंतरच्या शनिवारी वर्ग संपल्यावर मी सिन्योरांना सगळं सांगितलं. त्या खडूची धूळ हातावरून पुसत उभ्या होत्या. मला वाटलं, माझ्या चुकीवर बोलतील. त्या म्हणाल्या, "हा अर्थ मी तुम्हाला शिकवला नाही. दर वर्षी त्या क्रियापदाशी येते आणि पुढे जाते." मग त्यांनी सांगितलं की त्यांचीही आई तिकडे गेली, त्यांना इथे महिन्याभराने कळलं, आणि पत्रातल्या त्याच शब्दाने कळलं. त्या दिवशी त्या माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आल्या.

शिष्यवृत्ती मिळाली. बाबांनी पार्सल ऑफिसात पेढे वाटले. आईने मला लोकरीचा स्वेटर विणला, तो तिथल्या थंडीला पुरला नाही. डोंगरावरचं एक लहानसं विद्यापीठाचं गाव, दगडी गल्ल्या, जगभरचे विद्यार्थी. जे वर्गात शिकले होते ते सगळं डोळ्यांनी पाहिलं: चित्रं, चर्च, ऑलिव्हच्या बागा. पहिले दोन महिने मी सुखात होते. मग एका रविवारी मी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात उभी होते आणि तीच जुनी चुळबूळ सुरू झाली. उठावं, कुठेतरी जावं. बाहेर पडले, सगळं गाव पालथं घातलं, वेशीपर्यंत गेले, खाली दरीत आगगाडी जाताना दिसली. त्या दिवशी फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी सगळा दोष नाशिकरोडला देत आले होते.

परत आल्यावर मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांची कागदपत्रं भाषांतर करून द्यायला लागले. मध्ये पुण्याची एक नोकरी धरली आणि सोडली. लग्न उशिरा केलं, आणि ज्याच्याशी केलं त्याला आधीच सांगितलं की मी जेवता जेवता उठते. तो म्हणाला, "येताना मीठ घेऊन येत जा मग."

सिन्योरांचं वेगळंच झालं. मी परतले त्याच वर्षी त्या निवृत्त होऊन कायमच्या इटलीला गेल्या. आम्ही पाचही जण विमानतळावर गेलो होतो. आणि वर्ष सरायच्या आत त्यांचा निरोप आला, परत आले आहे, भेटून जा. मी गेले. त्याच फ्लॅटमध्ये, त्याच फ्रॉकमध्ये त्या बसल्या होत्या, थोड्या वाळल्या होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिथे मला सगळे विचारायचे, तुम्ही कुठल्या? मी सांगायची, इथलीच. ते म्हणायचे, नाही, तुमचं बोलणं जुनं आहे." त्या हसल्या. "आणि भांडायला कुणी नव्हतं."

मग त्यांनी कामाचं काढलं. वर्ग बंद पडायला आला होता, विद्यापीठाला शिकवणारं कुणी मिळत नव्हतं. शनिवार त्या घेणार होत्या. बुधवारी पाय दुखतात.

"बुधवार तू घेशील?"

मी म्हटलं, मला जमेल की नाही माहीत नाही. त्या म्हणाल्या, मलाही तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या बुधवारी सकाळी मी पुन्हा मुंबईच्या गाडीत बसले. वर्गात तिघं होते. मी हजेरी घेतली, फळा पुसला आणि पहिलं क्रियापद लिहिलं.